सकाळची गाडी बंद होती तेव्हा

दिवाळी झाली आणि आमच्या डेपोच्या गेटला कुलूप लागलं. कुलूप लावणाऱ्यांत मीही होते. पुढचं ऐकताना कोणी ते विसरू नये, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी बसमध्ये कंडक्टर आहे. त्या दिवाळीला माझ्या नोकरीला अकरा वर्षं झाली होती. नाचणगावला घर, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला, मुलगी नववीत. पगार सांगायची लाज वाटावी असा होता आणि तोही कधी वीस तारखेला, कधी दोन तुकड्यांत यायचा. लॉकडाऊनमध्ये तर दोन-दोन महिने काहीच नाही. म्हणून राज्यभरच्या लाल गाड्या थांबल्या तेव्हा आमच्याही थांबल्या. आम्हाला सरकारी नोकर करा, एवढीच मागणी होती. सगळे त्याला विलीनीकरण म्हणायचे. डेपोसमोर मंडप पडला. खाली सतरंज्या, वर कापड, आणि एक माईक.

माझी ड्यूटी बहुतेक सकाळच्या पहिल्या फेरीला असायची. सव्वासहाला गाडी डेपोतून निघायची, तालुक्याच्या अगदी टोकाच्या एका गावाला जायची आणि तिथल्या पोरापोरींना घेऊन शाळेच्या वेळेआधी शहरात परत यायची. त्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर आमच्या गाडीनंच यावं लागायचं. मुलींना शिक्षणासाठी पास फुकट असतो, त्यामुळे गाडीत मुली जास्त असायच्या.

त्यातली एक माझ्या सीटच्या शेजारच्या खिडकीत बसायची. आठवीपासून तिची ती जागा ठरलेली. दप्तर मांडीवर घेऊन राहिलेला अभ्यास पुरा करायची, आणि मधेच मान वर करून काहीतरी विचारायची. "ताई, तुमी कितवी शिकल्या?" "ताई, कंडक्टर व्हाले गणित लागते का?" एकदा मी तिकिटं फाडत मागे गेले होते आणि गाडीची घंटी वाजली. ड्रायव्हर भाऊंनी ब्रेक मारला. दोरी हिनं ओढली होती.

"घंटी तू काऊन वाजवली?" मी रागानंच विचारलं.

"म्हातारी धावून राह्यली होती मांगून. तुमी पाह्यलं नाई."

मागे पाहिलं तर खरंच एक म्हातारी पिशवी सांभाळत येत होती. मी तिला आत घेतलं आणि पोरीला म्हटलं, पुन्हा हात लावायचा नाही. ती बरं म्हणाली.

तिचे वडील हिंगणघाटकडे एका कारखान्यात वॉचमन, पंधरा दिवसांनी घरी यायचे. आई मजुरीला जायची. लॉकडाऊनमध्ये दीड वर्ष शाळा फोनवर भरली, आणि घरातला फोन वडिलांसोबत हिंगणघाटला. शाळा पुन्हा उघडली तेव्हा ती दहावीत होती. पहिल्या दिवशी गाडीत चढली तर गणवेश गुडघ्याच्या वर गेलेला. "उंची वाढली माही," म्हणाली आणि ओढणी ओढून घेऊन बसली. महिनाभर शाळा झाली असेल. मग आमचा संप लागला.

संपात पगार नसतो. पहिला महिना कसा तरी गेला. मग जो तो आपापल्या कामाला लागला. सकाळी मंडपात सही करायची, थोडं बसायचं, आणि मिळेल त्या कामाला जायचं. कोणी हॉटेलात भट्टीवर, कोणी रंगकामाला. मी आमच्या शेजाऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागले. मंडपात कोणाला सांगितलं नव्हतं. गणवेशाच्या नोकरीत अकरा वर्षं काढल्यावर पुन्हा कमरेला कापड बांधून वेचणीला जायचं हे सांगायला जड जात होतं.

त्या वर्षी वेचायला माणसं मिळत नव्हती. शेजाऱ्यानं लांबच्या गावांहून बायका आणायला एक पिकअप लावली. एके दिवशी ती गाडी बांधाशी थांबली, बायका उतरल्या आणि ड्रायव्हरच्या बाजूनं जो माणूस उतरला तो आमचा ड्रायव्हर भाऊ. माझ्या फेरीचा. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांनीही मंडपात सांगितलं नव्हतं.

"ताई, तुमी बी?" एवढंच म्हणाले आणि बिडी पेटवून बांधावर बसले.

सगळ्यात शेवटी जी उतरली ती तोंडाला ओढणी गुंडाळलेली, अंगात मोठ्या माणसाचा शर्ट. ती सरळ माझ्याकडे आली.

"ताई!"

आवाजावरून ओळखलं. मी विचारलं, "तू इथं काऊन व? शाळा नाई का आज?"

"शाळा हाये. गाडी नाई."

तिच्या गावाहून शाळेसाठी गाडी नव्हती, वेचणीसाठी होती. आमचीच गाडी नव्हती, आणि आमचाच ड्रायव्हर तिला इथे घेऊन आला होता. तो विचार तेव्हाच डोक्यात आला, पण बोलण्यासारखा नव्हता.

आम्ही शेजारशेजारच्या ओळींना लागलो. कापसाची पऱ्हाटी कमरेच्या वर होती, बोंडं चांगली फुटली होती. तिचे हात माझ्यापेक्षा किती तरी जलद चालत होते. मी विचारलं, "ऑटोनं काऊन नाई जात?"

"ऑटो मेन रोडवर भेटते. तिथलोक सात किलोमीटर हाये. आमी सगळ्या मिळून चार डाव गेलो पायदळ. मंग एक दिवस येता येता अंधार पडला. आई म्हणे, बस झालं."

"बाकीच्या काय करतात?"

"दोघी मामाच्या गावाले गेल्या शिकाले. आमी घरी हाओत."

दहावीला त्या गावच्या सहा मुली होत्या. मी मनात हिशेब केला, चार घरी. मग तिनं विचारलं, "तुमचा संप कायचा हाये, ताई?"

मी सांगितलं. आम्हाला सरकारी करा म्हणतोय. झालं तर पगार वेळेवर येईल, म्हातारपणी काही हाताशी राहील. बाकी सरकारी लोकांना मिळतं, आम्ही तेवढंच काम करून आम्हाला मिळत नाही. मंडपात जे रोज ऐकत होते तेच तिला सांगितलं.

"मंग भेटलंच पाह्यजे तुमाले," ती म्हणाली. पुढची तीन-चार झाडं वेचून झाल्यावर म्हणाली, "पण माही दहावी हाये."

तिनं बोल लावला असता तर मी उत्तर दिलं असतं. तिनं लावला नाही. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस माझ्या दुपटीनं भरला, आणि ती बायकांबरोबर पिकअपमध्ये उभी राहून निघून गेली. घरी आले तर माझी मुलगी पुस्तकं पसरून बसली होती. तिची शाळा सायकलनं दहा मिनिटांवर. तिचा एक दिवस बुडाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंडपात मी उठून उभी राहिले. आम्ही पाच बायका होतो, आणि त्यातली एखादी बोलायला उठली की सगळे शांत व्हायचे. माईक आमच्यातल्या एका बोलक्या मेकॅनिककडे असायचा. माणूस चांगला. कोणाच्या घरी आजारपण असेल तर पहिला धावून जाणारा.

मी म्हटलं, "सकाळची एक फेरी सोडू. फक्त शाळेच्या पोरापोरींसाठी. तिकीट नाही, दुसरा पॅसेंजर नाही. दहावी-बारावीचं वर्ष आहे."

मग मेकॅनिकनं माईक खाली ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचं मन चांगलं हाये. पण एक गाडी गेटबाहेर पडली का उद्या दहा पडतीन. परवा पेपरात येईन का संप फिसकटला. मंग आपल्याले विचारते कोण?"

मागून एक जण ओरडला, "आमचे बी लेकरं हायेत! त्यायचं कोण पाहून राह्यलं?"

त्याचं खोटं नव्हतं. मेकॅनिकच्या मुलानं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मोबाइलच्या दुकानात काम धरलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी खाली बसले. घोषणा सुरू झाल्या. मीही दिल्या.

फेब्रुवारीत बडतर्फीची नोटीस घरी आली. नवऱ्यानं दोनदा वाचली आणि म्हणाला, "जाऊन हजर हो." मी म्हटलं, नाही होत. तीन महिने उन्हाथंडीत बसलेल्या लोकांना सोडून मी एकटी गेटमधून आत कशी जाऊ? काही जण गेले. मेन रोडवर थोड्या गाड्या सुरूही झाल्या. टोकाच्या गावांना एकही नाही.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा ड्रायव्हर भाऊ आमच्या घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "ताई, माहा मालक सकाळी पिकअप घेऊन तिकडेच पाठवते मले, भाजी आणाले. भाजी भरली तरी हौद्यात जागा राह्यते. येतानी पोरी आणतो म्हटलं तर हो म्हणते तो. पण पोरीच्या घरी सांगाले बाईमाणूस पाह्यजे. तुमी चला."

"मंडपात काय सांगायचं?"

"लाल गाडी थोडीच हाये. संप लाल गाडीचा हाये."

आम्ही त्याच दुपारी गेलो. चार घरांपैकी तीन घरं लगेच तयार झाली. अट एकच, पोरींसोबत बाई पाहिजे. मी म्हटलं, मी रोज येईन. चौथं घर हिचं. अंगणात आई हरभरा सोलत बसली होती. मी कोण ते तिला माहीत होतं. तिनं मला बस म्हटलं नाही.

"गाडी बंद करून आता दारात आल्या?"

ड्रायव्हर भाऊ म्हणाले, "बाई, पेपरापुरतं तरी आमी—"

"पेपर कायचा? फॉर्मच नाई भरला तिचा. फॉर्म भराले शाळेत जा लागे, शाळेत जाले गाडी लागे. बाकीच्या पोरीचे बाप गाडीवर घेऊन गेलते. हिचा बाप हिंगणघाटले. मी कोणाले म्हणू?"

पोरगी मागच्या बाजूला भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ऐकत होती. ती बाहेर आली नाही. मी आईला म्हटलं की उद्या शाळेत जाऊन विचारते. "विचारा," ती म्हणाली आणि हरभऱ्याची परडी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका ऐकून घेणाऱ्या होत्या, पण यादी बोर्डाकडे जाऊन हॉलतिकीटंही आली होती. शाळेनं त्या घरी फोन लावला होता. फोन वडिलांच्या नंबरवर गेला, वडील रात्रपाळी करून झोपलेले. परत कोणी लावला नाही, आणि तिकडूनही आला नाही. "पुढच्या वर्षी बाहेरून बसवा," त्या म्हणाल्या. "सतरा नंबरचा फॉर्म असतो. तो तरी वेळेवर भरा."

परीक्षेचे सगळे दिवस मी पहाटे उठून ड्रायव्हर भाऊंबरोबर गेले. पिकअपच्या हौद्यात सतरंजी टाकून तीन मुली आणि मी. मुली वाऱ्यात पुस्तकाची पानं दाबून धरत वाचायच्या. मागच्या बाजूला मेथीच्या जुड्या. शहरात शिरायचं तर डेपोवरूनच रस्ता. पहिल्याच दिवशी मेकॅनिक रस्त्यात उभा होता. त्यानं हात केला. गाडी थांबली. तो मागे आला, मला पाहिलं, मुलींना पाहिलं.

"पोरी कुठच्या?"

"शेवटच्या गावच्या. पेपर आहे."

मला वाटलं आता बोलेल. त्यानं फक्त हौद्याच्या फळीवर दोनदा हात मारला, चला म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यानं मंडपातला पाण्याचा थंड कॅन उचलून आमच्या गाडीत ठेवला. ऊन तापायला लागलं होतं. शेवटच्या पेपरापर्यंत रोज ठेवला.

संप एप्रिलात मिटला. कोर्टानं कामावर या म्हटलं, आम्ही गेलो. विलीनीकरण झालं नाही. पगार काही वाढला आणि पुढे बऱ्यापैकी वेळेवर यायला लागला. बडतर्फीचे कागद मागे घेतले गेले. मंडप सोडायच्या दिवशी मेकॅनिक माईकची वायर गुंडाळत होता आणि कोणाशीच बोलत नव्हता.

पहिल्या दिवशी गाडी घेऊन त्या गावात गेलो तर थांब्यावर चिटपाखरू नाही. गाडी येईल यावर कोणाचा विश्वासच नव्हता. ड्रायव्हर भाऊंनी हॉर्न धरून ठेवला. मग एकेक घरातून डोकी बाहेर आली. शाळेची मुलं जूनमध्ये पुन्हा यायला लागली. ती आली नाही. माझ्या शेजारच्या खिडकीत आठवीतली दुसरी कोणी बसायला लागली.

गावात गाडी दहा मिनिटं थांबते. जुलैत एक दिवस ती दहा मिनिटं मी तिच्या घरी घातली. आई कामाला गेली होती. ती दारात निंदणीची तयारी करत होती.

मी म्हटलं, "फॉर्म भरू. बाहेरून बस."

"मले काही आठवत नाई आता, ताई. सगळं भुलली मी."

"वाचलं की आठवते."

"अन् पास? पास नाई ना भेटत बाहेरून बसलं का?"

तिनं हे आधीच विचारून ठेवलं होतं, यावरून मला कळलं की तिच्या मनात आहे. पास खरंच मिळत नव्हता. शाळेत नाव असलं तरच पास. नाव शाळेत नव्हतं ते आमच्यामुळे, पण नियमाला ते सांगता येत नाही. मी म्हटलं, तिकिटाचं मी पाहते.

"मंग मी नाई येत," ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं, गाडी सुटायची वेळ होत आली होती. मग तीच म्हणाली, "वेचणीचे पैसे हायेत माह्याजवळ थोडे. फॉर्मचं कुठं जा लागते ते सांगा."

मी एक दिवसाची रजा टाकली. तिला घेऊन शाळेत गेले, दाखला काढला, ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात दोन तास बसलो. आधार कार्डावर तिच्या नावाचं एक अक्षर वेगळं होतं, ते आधी नीट करून आणा म्हणाले. पुन्हा एक दिवस गेला. तिसऱ्या खेपेला फॉर्म भरला गेला. त्या वर्षी ती जेव्हा जेव्हा शहरात आली तेव्हा मी तिला माझ्या हातानं पूर्ण तिकीट फाडून दिलं. शेजारी पासवाल्या मुली बसलेल्या असायच्या. ती सुटे पैसे मोजूनच चढायची.

तिच्या परीक्षेच्या मधेच सरकारनं बायकांना अर्धं तिकीट केलं. त्या दिवसाचा गाडीतला गोंधळ मला अजून आठवतो. प्रत्येक बाई तिकीट घेऊन पुन्हा विचारायची, खरंच निम्मं का. पुरुष म्हणत होते, आता घरी राहतीन का या! एक म्हातारी म्हणाली, "तिकीट अर्धं केलं बाप्पा, पण गाडी बी अर्धीच येते." सगळी गाडी हसली. ही विज्ञानाच्या पेपराला चालली होती. मी तिकीट दिलं, तिनं उलटंपालटं करून पाहिलं, उरलेले पैसे कंपासपेटीत टाकले आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

ती पास झाली. मार्क फार नव्हते, पण पहिल्या खेपेत सगळे विषय सुटले. अकरावीला नाव घातलं आणि पास घेऊन माझ्या गाडीत आली. तिच्या जुन्या खिडकीत बसणाऱ्या, आता नववीत गेलेल्या पोरीला उठवलं नाही. मागे जाऊन बसली.

पण म्हातारी म्हणाली होती तसंच चाललं होतं. आमच्या डेपोच्या गाड्या जुन्या झालेल्या. कधी गाडी बिघडलेली, कधी ड्रायव्हर कमी. कात्री लागायची ती टोकाच्या गावाच्या फेरीलाच. त्या पावसाळ्यात एका आठवड्यात चार दिवस सकाळची फेरी गेली नाही. पाचव्या दिवशी आम्ही गेलो, गाडी वळवली, लोक चढले, आणि निघणार तर समोर रस्त्यावर मुली बसलेल्या. सतरा-अठरा असतील. दप्तरं मांडीवर. मधे ही.

मी खाली उतरले. "उठा व पोरींनो, शाळेला उशीर होते."

"चार दिवस झाला ना उशीर," तिनं म्हटलं. "आज सायेबाले बोलवा. थे येतीन तवा उठू."

"गाडीत पेशंट आहे. म्हाताऱ्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचंय, आजची तारीख आहे."

हे खरं होतं. ती उठली, गाडीत चढून म्हाताऱ्याला पाहिलं, आणि पारावर उभ्या असलेल्या एका माणसाला हाक मारून त्याची मोटारसायकल काढायला लावली. म्हाताऱ्याला मधे, त्याच्या सुनेला मागे बसवून मेन रोडवर पाठवून दिलं. मग परत जाऊन आपल्या जागी बसली.

"ताई, तुमी गाडीत बसा. चिखल हाये खाली," मला म्हणाली. "तुमच्यावर राग नाई आमचा."

ड्रायव्हर भाऊंनी इंजिन बंद केलं आणि डेपोला फोन लावला. मॅनेजर दोन तासांनी आले. नवीन होते, तरुण. आधी रागावले, मग समजावलं. उद्यापासून फेरी चुकणार नाही, मी शब्द देतो म्हणाले.

"कागदावर द्या," ती म्हणाली.

"कागद ऑफिसमध्ये आहे."

एका मुलीनं वहीतलं पान फाडून दिलं. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्यांनी बॉनेटवर पान ठेवून लिहून दिलं, खाली सही केली. ती म्हणाली, शिक्का. तो संध्याकाळी मिळेल म्हणाले. संध्याकाळी ती आणि आणखी दोघी डेपोत जाऊन शिक्का मारून घेऊन आल्या, तेव्हाच परतीच्या गाडीत चढल्या.

गाडी अडीच तास उभी राहिल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, विद्यार्थिनी रस्त्यावर बसल्या होत्या, त्यांची मागणी मला रास्त वाटली, म्हणून बळजबरी केली नाही. ते शेवटचं वाक्य खोडा, असं डेपोतला कंट्रोलर म्हणाला. मी खोडलं नाही. समज देण्यात आली, असा कागद माझ्या फाइलला लागला. बाकी काही झालं नाही.

त्यानंतर सकाळची फेरी महिन्यातून एखादा दिवस चुकते, जास्त नाही. बारावी झाल्यावर तिला वर्ध्याला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला. हॉस्टेलला राहते. मधे एकदा सुट्टीत गाडीत भेटली, गावी चालली होती. इंजेक्शन द्यायला शिकवलं म्हणाली. पहिल्यांदा हात थरथरला का, विचारलं. "नाई," म्हणाली, "पण पेशंटचा थरथरला." तिची आई आता गाडीत भेटली की बोलते. सुरुवातीला फक्त मान हलवायची.

अजूनही कोणी त्या संपाचा विषय काढतं. आम्ही बसलो ते बरोबर होतं असंच मी सांगते, कारण बसलो नसतो तर वेळेवर पगारही मिळाला नसता. आणि एका पोरीचं वर्ष गेलं ते आमच्यामुळे गेलं, हेही सांगते. ऐकणाऱ्याला यातलं एकच ऐकायचं असतं बहुधा. मला दोन्ही सांगावं लागतं.

पिकअपमधून पेपरला नेलेल्या तिघींपैकी एक पुलगावला दुकानात कामाला आहे. दुसरी लग्न होऊन लांब गेली. तिसरीचंही लग्न झालं, पण गावातच. ती कधी कधी सकाळच्या गाडीला असते, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. दहावी पास होती, पुढे नाव घातलं नाही. मी तिला विचारते, कुठं? ती म्हणते, पोराले डोस द्याचा हाये. मी तिला अर्धं तिकीट देते आणि पोरगं रडत असलं तर पुढची सीट रिकामी करून देते.